हाँगकाँगमध्ये सूट आणि शर्ट शिवून घेताना

हाँगकाँगला नोकरीसाठी आल्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आले की, तयार कपड्यांची दुकाने येथे पावलोपावली असली तरी माझ्या अंगाला नीट बसणारा कोट त्यांपैकी एकातही मिळणार नाही. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अंमळ उतरता आहे, मान किंचित पुढे झुकलेली आहे आणि छातीच्या मानाने हात आखूड आहेत. अशा बांध्याच्या माणसाने तयार कोट चढवला की कॉलर मानेपासून सुटते, उजव्या काखेखाली तिरकी सुरकुती पडते आणि बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत उतरते. बाही आखूड करून मिळते, परंतु सुटलेली कॉलर आणि चुकीचा खांदा दुरुस्त करायचा म्हणजे कोट जवळजवळ पुन्हा शिवणेच होय. माझे काम सागरी विम्याच्या दाव्यांचे असल्यामुळे वकिलांबरोबर आणि लवादापुढे सूट घालूनच बसावे लागते, आणि दिवसभर अंगावर राहणारा कपडा खांद्यात ओढत असेल तर कामावरचे लक्ष उडते. म्हणून सूट आणि शर्ट येथेच, पण नीट चौकशी करून, शिवून घ्यायचे मी ठरवले.

शिवणकामाच्या बाबतीत हे शहर भाग्यवान आहे. 1949 च्या सुमारास चीनमध्ये सत्तांतर झाले तेव्हा शांघायमधले अनेक कसबी शिंपी हाँगकाँगला आले. त्यांतले पुष्कळ जण मूळचे निंगबो परिसरातले होते आणि शांघायमधल्या परदेशी वस्तीसाठी पाश्चात्त्य धाटणीचे कपडे शिवण्यात त्यांचा हात बसलेला होता. शर्टांसाठी आज जगभर नाव असलेले ॲस्कॉट चँग हे दुकान अशाच एका शांघायमध्ये शिकलेल्या कारागिराने 1953 साली कौलूनमध्ये सुरू केले. दुसरीकडे सिंधी व्यापाऱ्यांनीही या धंद्यात जम बसवला. नेथन रोडवरचे सॅम्स टेलर हे 1957 पासूनचे दुकान त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. चिम शा चुई भागात तेव्हा ब्रिटिश सैन्याची छावणी होती. आज जेथे कौलून पार्क आहे तेथेच व्हिटफील्ड बॅरॅक्स होत्या, आणि अधिकाऱ्यांपासून शिपायांपर्यंत सगळे जवळपासच्या दुकानांत कपडे शिवून घेत. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात रजेवर येणाऱ्या अमेरिकन सैनिकांना दोन-चार दिवसांत सूट शिवून हवा असे, आणि झटपट शिलाईची ख्याती या शहराला मुख्यतः त्या गिऱ्हाइकांमुळे मिळाली.

त्या ख्यातीचा त्रास आजही होतो. नेथन रोडवरून चालताना दर थोड्या पावलांवर कोणीतरी हातात कार्ड घेऊन वाट अडवतो आणि 24 तासांत सूट, सोबत दोन शर्ट आणि एक टाय असा भाव सांगतो. माझे ठाम मत असे आहे की, रस्त्यावर उभे राहून बोलावणाऱ्या माणसाबरोबर दुकानात जाऊ नये, कारण त्याचे कमिशन शेवटी गिऱ्हाइकाच्या कापडातून किंवा शिलाईतूनच निघते. 24 तासांचा हिशोबही साधा आहे. लंडनच्या सॅव्हिल रोवरील शिंप्यांच्या संघटनेने कोट आणि पँट अशा सूटसाठी किमान 50 तासांचे हातकाम हा दंडक ठेवला आहे. इतके काम एका रात्रीत होत नाही. म्हणजेच त्यातला मोठा भाग गाळावा लागतो, आणि नेमका तो भागच बाहेरून दिसत नाही.

कोटाच्या छातीत, वरचे कापड आणि आतले अस्तर यांच्या मध्ये, आणखी एक थर असतो. चांगल्या कोटात तो लोकर, सूत आणि घोड्याचे केस यांच्या विणीचा कॅनव्हास असतो, आणि शिंपी तो हाताने, सैल टाक्यांनी, कापडाला वळण देत बसवतो. त्यामुळे लॅपल, म्हणजे छातीवरची उलटी दुमडलेली पट्टी, आपोआप गोलाईत वळते आणि कोट जसजसा वापरावा तसतसा छातीशी जुळत जातो. घाईच्या कोटात त्याजागी बकरमसारखे ताठ कापड उष्णतेने चिकटवून टाकतात. नवा असताना तो कोटही देखणाच दिसतो; पण काही वेळा ड्रायक्लीनिंग झाले की गोंद जागोजागी सुटतो आणि लॅपलवर बारीक फुगे दिसू लागतात. वसंत ऋतूत भिंतींनाही घाम फुटतो अशा हाँगकाँगच्या दमट हवेत हे लवकर घडते. तयार घेतलेल्या माझ्या आधीच्या एका कोटाचे असेच झाले होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: खालच्या काजाजवळ वरचे कापड आणि आतले अस्तर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच वेगळे करावे. मध्ये तिसरा, सुटा थर बोटांना लागला तर कॅनव्हास आहे. वरचे कापडच जाड आणि ताठ लागले तर ते चिकटवलेले आहे.

दुकानांच्या पाट्या वाचण्याऐवजी मी माणसांचे कोट पाहू लागलो. आमच्या कार्यालयातल्या एका ज्येष्ठ चिनी सहकाऱ्यांनी बैठकीत फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर केला, तेव्हा त्यांच्या कोटाची कॉलर मानेला चिकटलेलीच राहिली आणि कोटाचा घेर जागचा फारसा हलला नाही. इतर कोणाचाही कोट अशा वेळी कानापर्यंत वर येतो. मी त्यांना शिंप्याचे नाव विचारले. त्यांनी ते आनंदाने दिले आणि बजावले की, घाई असेल तर तेथे जाऊ नका. परक्या शहरात शिंपी शोधताना एवढी भरवशाची शिफारस दुसरी नाही, कारण तीत बोलणाऱ्याच्या अंगावरचा पुरावा समोर असतो आणि तो कपडा किती वर्षांचा आहे हेही विचारता येते.

तरीही तुलना करावी म्हणून मी आणखी काही दुकानांत गेलो. प्रत्येक ठिकाणी माझे प्रश्न तेच होते: कापड कोण बेततो, कोठे बेततो, माझ्यासाठी स्वतंत्र कागदी नमुना काढणार की ठरावीक साच्यात फेरफार करणार, आणि कच्च्या शिलाईवर ट्रायल देणार की नाही. या प्रश्नांना मिळणाऱ्या उत्तरांपेक्षा उत्तर देण्याची पद्धत अधिक बोलकी असते. एका दुकानात माझे वाक्य पूर्ण होण्याआधीच कापडांचे गठ्ठे समोर टाकले गेले आणि सगळी रक्कम आगाऊ मागण्यात आली. तेथून मी नमस्कार करून निघालो. निम्मी रक्कम आगाऊ देण्याची येथे रीत आहे आणि ती रास्तही आहे, पण पूर्ण पैसे दिले की ट्रायलच्या वेळी आपल्या म्हणण्याला वजन उरत नाही. याउलट एका सिंधी गृहस्थांनी मला समोर बसवून, चहा मागवून, हिंदीत स्वच्छ सांगितले की, त्यांच्याकडचे कोट सीमेपलीकडे शेनझेनच्या कारखान्यात शिवले जातात, साचा ठरलेला असतो, ट्रायल एकच मिळते, आणि माझ्या खांद्याला ते पुरेल असे त्यांना वाटत नाही. या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला, आणि रोजच्या वापराच्या पँट मी आजही त्यांच्याकडेच शिवतो. साचा बदलून शिवलेला कपडा वाईट असतो असे मुळीच नाही. ज्यांचा बांधा सरळ आहे त्यांना तो कमी पैशांत उत्तम बसतो.

सहकाऱ्यांनी सांगितलेली जागा चिम शा चुईतल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. पाटी लहान, आत एक लांबरुंद टेबल, भिंतीला तारेवर टांगलेले शेकडो कागदी नमुने, आणि मागच्या खोलीत शिवणारे कारागीर. मालक सत्तरीच्या घरातले, कँटोनीज बोलणारे. त्यांची मुलगी इंग्रजीतून दुभाषाचे काम करते. सगळे त्यांना सीफू, म्हणजे उस्ताद, म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. टेप हातात घेण्यापूर्वी त्यांनी मला खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावले, मग खुर्चीवर बसवले, मग नुसतेच उभे केले आणि मागून बराच वेळ पाहिले. पाकीट कोणत्या खिशात असते, बॅग कोणत्या खांद्यावर घेता, दिवसातून किती तास बसून काम करता, असे त्यांनी विचारले. फॅशनचा विषय त्यांनी काढलाच नाही. याच माणसाकडून शिवायचे हे माझे त्या वेळीच ठरले.

सूट मात्र मी लगेच टाकला नाही. आधी फक्त एक शर्ट सांगितला. नव्या शिंप्याची पारख शर्टावर करावी, असे मी प्रत्येकाला सांगेन. शर्टाला पैसे कमी लागतात, पण मान, खांदा, मुंढा (बाही जोडतात ती जागा) आणि मनगट या अवघड जागा त्यातही असतातच. मी दोनपदरी धाग्याचे, 100 नंबरचे पांढरे पॉपलिन निवडले. त्याहून बारीक सूत हाताला रेशमासारखे लागते, पण त्यावर सुरकुत्या लवकर पडतात आणि रोजच्या धुण्यात ते टिकत नाही. सीफूंनी पाठीवरचा योक, म्हणजे खांद्यांवरून जाणारी वरची पट्टी, मधोमध जोड देऊन दोन तुकड्यांत बेतला, म्हणजे उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरवता आला. डाव्या मनगटावर मी घड्याळ बांधतो, म्हणून त्या कफला थोडा जास्त घेर दिला. कॉलर मापापेक्षा किंचित सैल ठेवली, कारण सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आकसते. आकसल्यानंतर गळ्याशी दोन बोटे सहज जावीत हा त्यांचा हिशोब. शिवणीतले टाके इतके बारीक होते की मी भिंग घेऊन मोजले तेव्हा एका इंचात 18 ते 20 भरले. बटणे शिंपल्याची आणि देठ धाग्याने गुंडाळून उभी केलेली, त्यामुळे काजात घालताना ती अडकत नाहीत.

तो शर्ट मी वापरला, घरच्या मशीनमध्ये पुन्हा पुन्हा धुतला, मग अंगात घालून परत त्यांच्याकडे गेलो. कॉलर बरोबर बसत होती, उजव्या बाजूची सुरकुती गेली होती, पण बाही पाव इंच कमी पडत होती आणि पाठीत जरा जास्त कापड होते. त्यांनी तारेवरून माझा कागदी नमुना काढला, पेन्सिलीने नव्या रेषा मारल्या, जुन्या तशाच ठेवल्या आणि तारीख घातली. त्यानंतरच मी बाकीचे शर्ट आणि सूट सांगितला.

सुटाच्या कापडाच्या बाबतीत सुपर या शब्दापुढच्या आकड्याने पुष्कळ लोक भुलतात. तो आकडा फक्त लोकरीचा तंतू किती बारीक आहे हे सांगतो: सुपर 100 म्हणजे जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सुपर 120 म्हणजे 17.75, सुपर 150 म्हणजे 16.25. तंतू जितका बारीक तितके कापड मऊ, तलम आणि महाग. पण ते तितकेच नाजूकही असते, आणि रोज खुर्चीवर घासली जाणारी पँट त्याची शिवली तर ती लवकर विरते. कामाच्या सुटासाठी सुपर 100 ते 120 च्या पुढे जाण्याचे कारण मला दिसत नाही. त्यापेक्षा वजन आणि वीण यांकडे पाहावे. हाँगकाँगमध्ये मे ते सप्टेंबर बाहेर उकाडा आणि आत एअर कंडिशनरचा गारठा अशी स्थिती असते. सीफूंनी इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या गिरणीतले, घट्ट पीळ दिलेल्या धाग्याचे, साध्या विणीचे गडद निळे कापड सुचवले, मीटरला साधारण 270 ग्रॅम वजनाचे. त्यांनी ते उजेडासमोर धरले तेव्हा विणीतून खिडकीच्या चौकटी दिसल्या. नंतर मुठीत आवळून सोडले तेव्हा ते क्षणात सरळ झाले. हवा खेळती राहते आणि घडी पडत नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकही शब्द न बोलता दाखवून दिल्या.

घरून आणलेला एक रेमंडचा सूटपीसही माझ्याजवळ होता. 1925 साली ठाण्यात सुरू झालेल्या त्या गिरणीचे कापड आमच्या घरी लग्नकार्यात आहेर म्हणून येत असे, आणि असा तुकडा घेऊन शिंप्याकडे जाण्याची आपल्याकडची रीत येथे चालेल का, अशी मला शंका होती. सीफूंनी तुकडा पूर्ण उलगडून मोजला, सव्वातीन मीटर भरला, आणि नुसत्या शिलाईवर काम करायला ते तयार झाले. मात्र बेतण्याआधी वाफ देऊन कापड आकसवून घेऊ, असे त्यांनी सांगितले. सगळी दुकाने असे काम घेत नाहीत, तेव्हा कापड बॅगेत भरण्याआधी विचारून घ्यावे.

पहिल्या ट्रायलसाठी गेलो तेव्हा समोर आला तो कोटाचा सांगाडा होता. खिसे नाहीत, अस्तर नाही, एकच बाही, आणि सगळे भाग पांढऱ्या जाड दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी जोडलेले. कॉलर अजूनही मानेपासून बोटभर सुटत होती. सीफूंनी पातळ पात्याने खांद्यावरची शिवण उसवली, मागचा भाग दोन्ही हातांनी वर उचलून मानेशी आणला, टाचण्या लावल्या आणि खडूने नवी रेघ ओढली. कॉलर तत्काळ मानेला टेकली. मग त्यांनी मला हात सैल सोडायला सांगितले. माझे हात शरीराच्या थोडे पुढे लोंबतात, त्यामुळे बाहीवर कोपराच्या मागे आडव्या घड्या पडत होत्या. त्यांनी बाही पूर्ण काढली, मुंढ्यात थोडी पुढे फिरवून पुन्हा टाचली, आणि घड्या नाहीशा झाल्या. तयार कोटात मुंढा खोल ठेवलेला असतो, कारण एकच माप पुष्कळांना बसवायचे असते. हात वर केला की अख्खा कोट वर येतो तो त्यामुळे. मुंढा काखेच्या जवळ, वर घेतला की हात मोकळा हलतो आणि कोट जागेवर राहतो.

उजव्या खांद्याविषयी आमची बरीच चर्चा झाली. पॅड घालून दोन्ही खांदे सारखे दाखवता येतील का, असे मी विचारले. त्यांचे म्हणणे मुलीने मला समजावले: पूर्ण भरले तर ती बाजू निर्जीव आणि जड दिसते; म्हणून निम्मा फरक पातळ पॅडने झाकायचा आणि निम्मा फरक कापडातच उतरवायचा. मला ते पटले, आणि आज तो कोट पाहणाऱ्याला खांद्यांतला फरक कळतही नाही. आपली इच्छा सांगण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहेच. परंतु ज्याने हजारो खांदे हाताळले आहेत त्याने कारण देऊन नकार दिला तर तो मानावा, असे मला वाटते.

दुसऱ्या ट्रायलला खिसे आणि अस्तर लागलेले होते. या वेळी मी स्वतःचे बूट आणि नवा शर्ट घालून गेलो होतो, कारण पँटची उंची बुटावरच ठरते आणि कोटाच्या बाहीखाली शर्टाचा कफ अर्धा इंच दिसायला हवा. आरशात फक्त पुढचे दिसते, म्हणून मी सोबत आलेल्या पत्नीला मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगितले. बटण लावल्यावर पोटावर ताण पडून फुलीसारख्या रेषा उमटतात का, बसल्यावर कॉलर सुटते का, फोन कानाला लावताना बाही अडते का, हे सर्व तेथेच करून पाहिले. पाठीच्या मधल्या शिवणीत आणि पँटच्या कंबरेत भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडायला मी आवर्जून सांगितले. वजन बदलले तरी कपडा टाकून द्यावा लागू नये म्हणून ही सोय हवीच, आणि अस्तर बंद होण्याआधी ती डोळ्यांनी पाहून घ्यावी.

सूट मिळाल्यानंतर काही आठवडे वापरल्यावर कॉलरच्या खाली पाठीवर एक बारीक आडवी घडी पडू लागली. मी कोट घेऊन गेलो. सीफूंनी तो माझ्या अंगावर पाहिला, काही न बोलता ठेवून घेतला, कॉलर उसवून पाठीचा वरचा भाग किंचित कमी केला आणि एक पैसाही घेतला नाही. कागदी नमुन्यावरही ती रेघ त्यांनी दुरुस्त केली, त्यामुळे रेमंडच्या कापडाचा दुसरा सूट एकाच ट्रायलमध्ये बरोबर बसला. शिंप्याची पारख मी आता येथे करतो: दोष दाखवल्यावर तो कोटाकडे पाहतो की आपल्याला समजावू लागतो.

खर्चाविषयी बोलायचे तर अशा शिलाईला रस्त्यावरच्या जाहिरातीतल्या सुटाच्या कित्येक पट रक्कम पडते, हे आधीच मान्य करून जावे. मी दोन स्वस्त सूट घेण्याऐवजी एकच घेतला आणि त्याच कापडाची जोडीला आणखी एक पँट शिवली, कारण कोटापेक्षा पँट आधी झिजते.

पुण्या-मुंबईहून थोड्या मुक्कामासाठी येणारे परिचित मला विचारतात, तेव्हा मी त्यांना येण्याआधीच शिंप्याशी संपर्क साधून ट्रायलचे दिवस ठरवायला सांगतो. पोहोचल्याच्या दिवशी माप दिले आणि मध्ये पाच-सहा कामाचे दिवस मिळाले तर दोन ट्रायल कशाबशा बसतात. तेवढा मुक्काम नसेल तर फक्त एक शर्ट शिवून घ्यावा, नमुना तेथे ठेवावा आणि सूट पुढच्या खेपेला सांगावा. चिनी नववर्षाच्या आधी सगळ्यांनाच नवे कपडे हवे असतात आणि सणात कारागीर सुट्टीवर जातात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत माप देणे टाळावे; सप्टेंबर-ऑक्टोबरात दिले तर काम निवांतपणे होते आणि थंडी सुरू होण्याआधी कोट हातात येतो.